डोंगराची पहिली गाडी

डेपोत त्याला सगळे वस्ताद म्हणत. पण गेलं दीड वर्ष वस्तादच्या हातात स्टिअरिंग नव्हतं, माइक होता. कंट्रोलच्या खिडकीमागे बसायचं, समोरच्या फळ्यावर कुठली गाडी कुठे लागली ते बघायचं आणि पुकारायचं, एवढंच काम. दुधाची तहान ताकावर भागवायची म्हणतात, पण हे ताकही नव्हतं. ताकाचं रिकामं भांडं विसळून पिण्यातला प्रकार होता.

पुकारण्याचे शब्द ठरलेले होते. वस्ताद ते म्हणायचा आणि वर आपल्या पदरचं काहीतरी जोडायचा. "डोंगराची पहिली गाडी दोन नंबरला लागली आहे. प्रवाशांनी सामान सांभाळावं. वर थंडी आहे, म्हाताऱ्या माणसांनी कान झाकून घ्यावेत." मॅनेजरसाहेबांनी दोनदा समज दिली, की कान झाकणं आपल्या नियमात बसत नाही. वस्ताद मान डोलवायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कान झाकायला लावायचा. करणार काय! वर थंडी असायचीच, आणि ती त्याच्याइतकी कोणाला माहीत होती?

कारण डोंगराची पहिली गाडी ही त्याची गाडी. केस काळे होते तेव्हापासून पांढरे होईपर्यंत ती त्यानेच चालवली. पाण्याच्या टाकीजवळचं आंधळं वळण, तिथे दुसरा गिअर आणि दोन हॉर्न. त्याआधी शाळेपाशी एक पिवळा कुत्रा गाडीबरोबर पळायचा आणि पुलाशी आला की आपली हद्द संपल्यासारखा थांबायचा. वरच्या गावातली एक बाई दुधाचा कॅन चढवायची आणि रोज विचारायची, "उशीर का केला?" वस्तादला एकदाही उशीर झालेला नव्हता. बाईला आता कोण काय उत्तर देतं, हे खिडकीमागे बसल्या बसल्या त्याच्या उगाच मनात यायचं.

मग एका वार्षिक तपासणीत त्याची साखर बोलली. तशी ती बरीच वर्षं कुजबुजत होती, या खेपेला ओरडली. गोळ्यांनी भागेना म्हणून रात्रीचं इन्सुलिन सुरू झालं, आणि इन्सुलिन सुरू झालं की प्रवासी गाडीवरून खाली उतरायचं, असा डेपोचा नियम. परत वर चढायचं तर डॉक्टरचं पत्र हवं. पत्रात दोन गोष्टी लिहिलेल्या हव्यात. एक, याची साखर ताब्यात आहे. दोन, ती अचानक खाली पडत नाही, आणि पडलीच तर याला वेळेवर कळतं. वस्तादने पहिली गोष्ट काळजात कोरून ठेवली आणि दुसरी कानाआड केली. खाली पडणं ही त्याला तक्रारच वाटत नव्हती. एवढी वर्षं सगळे साखर वर गेली म्हणूनच तर रडत होते!

घरी खुर्चीत बसला की त्याचा डावा पाय आपोआप दाबला जायचा, मग उजवा. बायको समोर मशीनवर शाळेचे गणवेश शिवत असायची. तिचाही पाय चालू, याचाही चालू. तिच्या पायाखालून निदान सदरे निघायचे.

"घरात गिअर टाकू नका," ती मान वर न करता म्हणायची.

"टाकला कुठे?"

"आत्ता दुसरा टाकलात. टाकी आली वाटतं."

तो ओशाळून पाय ओढून घ्यायचा. खुर्चीवर त्याची जुनी गादी होती, ड्रायव्हरच्या सीटवर घालायची. बायकोनेच शिवलेली, मध्ये कमरेशी जाड, दोन्ही बाजूंना पातळ. गाडीवरून उतरवलं त्या दिवशी तो ती काखोटीला मारून घरी आला होता. तेव्हापासून ती तिथेच होती.

दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी दवाखान्यात शुगरचा दिवस असे. दवाखाना म्हणजे दोन खोल्या, एक व्हरांडा आणि व्हरांड्यात एक लांब बाक. त्या बाकावर वस्तीतले सगळे गोड लोक रांगेने बसलेले असत. कोणाला साखर, कोणाला दाब, कोणाला दोन्ही. सिस्टर एकेकाला आत घेई. वजन, दाब, बोटातला थेंब; मग चप्पल काढायला लावून तळपाय बघे, अंगठ्याला तो वाजवला की थरथरणारा, दोन दात्यांचा लोखंडी काटा टेकवून विचारी, "कळतंय का?" काही लोकांना घरात एवढ्या मायेने कोणी काही विचारत नसे, ते काटा कळत असूनही जरा वेळ लावत.

बाकावर आकड्यांवरून मान ठरत असे. ज्याचा आकडा कमी तो ताठ बसायचा. बेकरीवाल्याचा आकडा कायम वर असायचा, त्यामुळे तो बिचारा टोकाला बसायचा आणि म्हणायचा, "मी काय करू? माझ्या तर श्वासातूनही साखर आत जाते." वस्ताद अलीकडे बाकावर सगळ्यात ताठ बसायला लागला होता.

आणि नेमकं त्याच महिन्यात मॅनेजरसाहेबांनी त्याला बोलावून सांगितलं, "वस्ताद, डोंगराच्या गाडीवर किती दिवस बदली ड्रायव्हर ठेवू? या महिन्याअखेर पत्र आणा. नाहीतर तो मार्ग मी त्याच्या नावावर कायम करतो."

बदली ड्रायव्हर माणूस वाईट नव्हता, पण ब्रेक उशिरा दाबायचा. गाडी स्टँडवर येऊन थांबायची तेव्हा वस्तादला खिडकीमागे ऐकू यायचं. मार्ग त्याच्या नावावर होणार, हे ऐकून वस्ताद त्याच पावली दवाखान्यात गेला.

सिस्टरने डॉक्टरांशी बोलून उपाय काढला. दवाखान्याकडे दंडाला चिकटवायची एक चकती होती, कोटाच्या बटणाएवढी. दोन आठवडे ती दंडावर राहते आणि रात्रंदिवस साखर टिपत राहते. ज्याला चिकटवली त्याला आकडा दिसत नाही. चकती काढली की दवाखान्यातल्या यंत्रावर सगळी रेघ उमटते.

"नेहमीसारखंच खायचं, नेहमीसारखंच राहायचं," चकती चिकटवताना सिस्टर म्हणाली. "आपल्याला खरं काय ते बघायचंय. हात दाखवून अवलक्षण म्हणू नका मला मग."

"सिस्टर, रेघ अशी काढतो की तुम्ही फ्रेम करून लावाल."

"रेघ काढायची नाही, वस्ताद. ती निघते."

पण परीक्षा म्हटली की माणूस अभ्यास करतोच. वस्तादने आपला अभ्यास ठरवला. साखर खाण्यातून येते, तर खायचंच नाही. रात्रीचं जेवण त्याने बंद केलं आणि इन्सुलिन मात्र एक थेंब कमी न करता घेतलं. बायको ताट वाढून बसायची.

"इंजेक्शन घेतलं की जेवायचं, असं सिस्टरने सांगितलंय."

"कॅन्टीनमध्ये खाल्लंय मी. शिवाय परीक्षा आहे माझी."

"परीक्षेला उपाशी बसतात?"

"तुला नाही कळायचं. पत्र मिळालं की खाईन. दोन ताटं खाईन."

तिने ताट झाकून ठेवलं. ती भांडली असती, पण दीड वर्षाने या माणसाच्या तोंडावर तिला काहीतरी दिसत होतं, आणि ते पुसायला तिचा हात धजेना. तिलाही तो परत हवा होता. खुर्चीत बसून हवेत गिअर टाकणारा हा माणूस तिने लग्नात पाहिलेला नव्हता.

पहाटे उठल्यावर वस्तादचा सदरा पाठीला चिकटलेला असायचा. पहिल्या एकदोन दिवशी हात थरथरले. नंतर तेही थांबलं. शरीर तयार झालं, असं त्याला वाटलं आणि तो आणखी खूश झाला.

दुसऱ्या आठवड्यातला गुरुवार होता. फळ्यावर पहिली गाडी लागली. बदली ड्रायव्हर कॅन्टीनमध्ये चहा ओतून घेत होता, कंडक्टर दाराशी तिकिटं फाडत होता. हा कंडक्टर म्हणजे वस्तादचा जुना जोडीदार, इतकी वर्षं एका गाडीवर काढलेला. वस्तादने माइक हातात घेतला.

त्यानंतरचं त्याला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. उजेड फार छान होता, कधी नव्हे इतका स्वच्छ. आपण चाललोय आणि पायांना वजनच नाही. मग ती पायरी, तो दांडा, ती सीट. हाताखाली स्टिअरिंग आलं आणि ते त्याच्या ओळखीचं होतं. आरशात माणसं बसलेली दिसली, त्यांच्या मांडीवर पिशव्या. किल्ली फिरली, इंजिन घुमलं, आणि ते घुमणं सीटमधून मणक्यात, मणक्यातून मानेत चढलं. वस्ताद इतका आनंदला की त्याला हसू आवरेना. एवढे दिवस काय नव्हतं, ते हे. हे नव्हतं. त्याने क्लच दाबला, पहिला गिअर टाकला.

मग हनुवटीवरून गरम, चिकट काहीतरी ओघळत होतं. गोड चहा. एक हात त्याचं डोकं मागे धरून होता आणि दुसरा कप तोंडाला लावत होता. कंडक्टरचा चेहरा त्याच्या चेहऱ्याजवळ होता आणि तो पांढराफटक पडला होता. किल्ली कंडक्टरच्या दातांत धरलेली होती.

गाडी बदली ड्रायव्हरला घेऊन गेली. दुपारी परत आल्यावर कंडक्टरने वस्तादला गोदामामागे नेलं आणि उरलेले तुकडे जोडून दिले.

"माइक चालूच ठेवून तू उठलास. सरळ येऊन गाडीत चढलास. मला वाटलं, आलं तुझं पत्र! मीच घंटी मारली रे. दोनदा मारली. एक बाई चढत होती, एक पाय पायरीवर, एक खाली. आणि तू क्लच सोडलास."

"मग?" वस्तादने विचारलं.

"हातभर गेली गाडी आणि बंद पडली. मी तिला दंडाला धरून वर ओढली. तुला हाक मारली, तीनदा मारली. तू माझ्याकडे बघितलंस आणि हसलास. ओळखलं नाहीस मला."

"तुला?"

"मला. घामाने तुझा सदरा पिळून निघाला असता. म्हटलं, ही साखरच. माझ्या भावाचं बघितलंय मी." कंडक्टरने इकडेतिकडे पाहिलं. "मी सगळ्यांना सांगितलंय, वस्ताद गाडी जरा सरळ लावून देत होता. साहेब अजून आले नव्हते. बाईला वाटलं, धक्का बसला. पोटात ठेवलंय मी. तूही ठेव."

"चकती आहे दंडाला."

"चकतीला काय कळतं, तू कुठे बसला होतास ते? रेघ खाली गेलेली दिसेल. विचारलं तर म्हण, कळलं होतं, साखर खाल्ली, झालं. हो म्हण आणि पत्र घे. मला त्या ब्रेकवाल्याबरोबर म्हातारा करू नकोस."

वस्तादने मान डोलावली. त्या रात्री तो जेवला. बायको नुसता भात वाढत राहिली. पण झोप येईना. सारखा तो पाय दिसे, पायरीवरचा एक आणि खालचा एक. चप्पल कुठल्या रंगाची होती, हेही त्याला माहीत नव्हतं, तरी दिसे. आणि त्याहून वाईट म्हणजे, डोळे मिटले की आधी ते घुमणं यायचं, मणक्यातून मानेत चढणारं, आणि पुन्हा एकदा ते हवं असं वाटायचं. बाईचा पाय त्याच्या नंतर यायचा. या क्रमाची त्याला लाज वाटली.

चकती काढायच्या दिवशी बायको बरोबर आली. तिने नवा सदरा घातला होता त्याला, पत्र आणायला जायचं म्हणून. सिस्टरने चकती काढली, दंडावर गोल लाल खूण राहिली. यंत्रातून कागद निघाला. वस्तादने मान लांब करून बघितलं. रेघ खालीच होती. सवयीने त्याची छाती जरा फुगली.

"बघा, कुठे वर गेली आहे का?"

सिस्टर कागदाकडे बघत राहिली. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

"वस्ताद, शेवटचे काही दिवस सोडले तर ही रोज पहाटे पडलीये. रोज. ही बघा, ही बघा, ही. रात्री जेवत नव्हता तुम्ही?"

"कॅन्टीनमध्ये..." तो म्हणाला आणि थांबला.

"नव्हते जेवत," बायको म्हणाली.

"अहो, साखर वर गेली तर वर्षांनी मारते, खाली पडली तर मिनिटांत मारते. इतके महिने मी हेच तर सांगतेय बाकावर!" सिस्टरने कागद मांडीवर ठेवला. "आणि रोज रोज अशी पडत गेली, की शरीर ओरडायचं सोडून देतं. आधी घाम, थरथर, भूक असं काहीतरी सांगतं ते. मग त्याला वाटतं, हा ऐकतच नाही, तर सांगा कशाला."

अति तेथे माती म्हणतात ते उगाच नाही. ज्या उपासाने पत्र मिळवायचं, तोच उपास पत्राच्या मुळावर आला होता. वस्तादला हे कळायला वेळ लागला, पण कळलं तेव्हा पुरतं कळलं.

डॉक्टरबाई आल्या. त्यांनी कागद उभा केला, आडवा केला. स्वभावाने त्या सरळ होत्या, उगाच धीर देत नसत आणि उगाच घाबरवतही नसत.

"डोस जास्त आहे आणि पोट रिकामं आहे. डोस कमी करू, तुम्ही जेवा. हे सुटण्यासारखं आहे," त्या म्हणाल्या. "पत्राचं मात्र एका गोष्टीवर आहे. साखर पडली तेव्हा तुम्हाला कळलं का? कळत असेल तर महिनाभर हे सगळं नीट करू, पुन्हा चकती लावू आणि मग मी पत्राचा विचार करीन. डेपोला तसं आजच लिहून देते, म्हणजे ते तोवर थांबतील. कळत नसेल, तर मागे माणसं बसवून मी तुम्हाला पाठवणार नाही."

सिस्टरने पेन उघडलं. कागदावर एका ठिकाणी रेघ खड्ड्यात गेल्यासारखी खाली गेली होती, तिथे तिने बोट ठेवलं.

"हा गुरुवार. सगळ्यात खाली इथे गेली. सकाळची वेळ आहे, कामावर असाल तुम्ही. मग लगेच वर आलीये, म्हणजे काहीतरी गोड घेतलंय. कळलं म्हणूनच घेतलं असणार ना? आठवा नीट. जाणवलं होतं काही?"

तिला हो हवं होतं. ते तिच्या आवाजावरूनच कळत होतं. बायकोने श्वास धरला होता. तिचे दोन्ही हात मांडीवरच्या पिशवीवर घट्ट होते. पलीकडे व्हरांड्यात बेकरीवाला कोणाला तरी हसवत होता. एक शब्द बोलायचा होता. जोडीदाराने तो आधीच तोंडात घालून दिला होता.

"जाणवलं," वस्ताद म्हणाला.

सिस्टरने सुस्कारा सोडला आणि पेन कागदाला लावलं. "हं. काय जाणवलं?"

वस्तादने तिच्या पेनाकडे पाहिलं.

"आनंद."

पेन थांबलं.

"फार आनंद झाला, सिस्टर. दीड वर्षात झाला नव्हता इतका. मी गाडीत होतो. किल्ली फिरवली होती, माणसं बसली होती आरशात. कोणी हाक मारली ते कळलं नाही. ज्याच्याबरोबर जन्म काढला, त्याला ओळखलं नाही मी. एक बाई चढत होती." त्याने दोन बोटांनी डोळे दाबले. "तिला काही झालं नाही. पण ते माझ्यामुळे नाही. घाम नाही, थरथर नाही, काही नाही. नुसता आनंद झाला."

बायको रडायला लागली, आवाज न करता, पिशवी तशीच धरून.

"मग मला नाही देता येणार पत्र," डॉक्टरबाई हळूच म्हणाल्या. "पुढेमागे शरीर पुन्हा सांगायला शिकेल. डोस नीट झाला, पडणं थांबलं, तर शिकतं ते. पण प्रवासी गाडी... ते मी लिहिणार नाही."

"माहीत आहे. म्हणून तर सांगितलं."

डॉक्टरबाई नवा डोस लिहून बाहेर गेल्या. सिस्टरने त्याचे तळपाय बघितले, कारण ते दर वेळी बघायचेच असत. काटा वाजवून अंगठ्याला लावला. "कळतंय का?"

"कळतंय." तो म्हणाला. "सिस्टर, एक विचारू? तो आनंद... तो साखर पडल्याचा होता, का गाडीचा होता?"

सिस्टरने त्याचा पाय हळूच खाली ठेवला.

"ते यंत्र नाही सांगत, वस्ताद," ती म्हणाली.

मार्ग बदली ड्रायव्हरच्या नावावर कायम झाला. कंडक्टर चार दिवस वस्तादशी बोलला नाही, पाचव्या दिवशी खिडकीशी येऊन उभा राहिला, खिशातून बिस्किटाचा पुडा काढून आत सरकवला आणि म्हणाला, "मूर्ख आहेस. खा." वस्ताद आता रात्री जेवायचा आणि पहिली गाडी पुकारायच्या आधी माइकशेजारी बसून अंडं आणि दूध घ्यायचा. बाकावर त्याचा आकडा चारचौघांसारखा झाला. तो बेकरीवाल्याशेजारी टोकाला जाऊन बसू लागला. तिथून वारा चांगला लागतो, असं त्याचं म्हणणं होतं.

एका सुट्टीच्या दिवशी सकाळी बायकोने मशीनवर कापड टाकून ठेवलं आणि चप्पल घातली.

"मला डोंगरावर न्या. इतकी वर्षं ती गाडी चालवलीत, मला एकदा नेलं नाहीत."

हे खरं होतं. बायको आरशात दिसली की रस्त्यावर लक्ष राहत नाही, असं त्याचं म्हणणं असायचं, आणि तिने ते कौतुक समजून इतकी वर्षं चालवून घेतलं होतं. आता हरकत उरली नव्हती. निघताना त्याने खुर्चीवरची गादी काखेत घेतली. तिने पाहिलं आणि दार ओढून घेतलं.

स्टँडवर माइकवर दुसराच कोणी होता. त्याने ठरलेले शब्द म्हटले आणि बंद केलं. पुढच्या सीटवरची एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "आज कान झाकायला सांगितलं नाही गं. थंडी नाही वाटतं वर." वस्ताद वाकून तिला म्हणाला, "आहे, आजी. झाका." मग तो ड्रायव्हरच्या दाराशी गेला आणि गादी वर केली.

"घे. टाकीच्या पुढे कंबर धरते. जाड भाग कमरेशी घालायचा."

बदली ड्रायव्हर, म्हणजे आता बदली नव्हे, कायमचाच, गोंधळून खाली उतरला आणि दोन्ही हातांनी गादी घेतली. "वस्ताद, तुमची..."

"बायकोने शिवलीये. उसवली तर तिच्याकडे आण. आणि ब्रेक जरा आधी दाबत जा."

बायकोला त्याने खिडकीची जागा देऊ केली. ती म्हणाली, तुम्हीच बसा. गाडी निघाली. शाळेपाशी पिवळा कुत्रा पळाला, पूर्वीपेक्षा सावकाश, आणि पुलाशी थांबला. वस्ताद वळून त्याच्याकडे बघत राहिला. इंजिनाचं घुमणं सीटमधून वर येत होतं. त्या दिवशीच्या पाव हिस्साही नव्हतं. आज पोट भरलेलं होतं, डोकं ठिकाणावर होतं, कंडक्टरचा चेहरा ओळखू येत होता.

उतारावरून टाकी दिसली आणि मागे ते वळण. ड्रायव्हरने दोन हॉर्न दिले. गाडी वळणाच्या तोंडाशी आली, आणि वस्तादच्या डाव्या पायाने, मग उजव्या पायाने गाडीचा पत्रा दाबला. उजवा दाबला तो दाबूनच राहिला, गुडघ्याची शीर ताठ होईपर्यंत.

बायको त्या पायाकडे बघत होती. घरात असती तर काहीतरी बोलली असती. वळण सरलं, गाडी सरळ झाली, तेव्हा तिने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"ब्रेक लागला?" तिने विचारलं.

"लागला," वस्ताद म्हणाला, आणि खिडकीकडे तोंड करून बसला.